बारा नंबरची सर्व्हिस

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ‘मिसाकीचे सहा’ या ॲनिमेचा नवा भाग लागतो आणि रविवारी सकाळी त्याचा निवाडा होतो. निवाडा करणाऱ्या आम्ही चौघी, आणि न्यायालय म्हणजे बंदराच्या रस्त्यावरचे शिहोकोचे कॉफीचे दुकान. सकाळी तिथे कॉफीबरोबर जाड भाजलेला पाव आणि उकडलेले अंडे मिळते. आमचा वाद सहसा अंडे सोलून होण्याआधीच पेटलेला असतो.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा कानाए येऊन बसली होती. तिने कोट काढला नव्हता आणि अंड्याला हात लावला नव्हता. ती दंतवैद्याकडे स्वागतकक्षात बसते. दिवसभर घाबरलेल्या माणसांशी हळू आवाजात बोलायची तिला सवय आहे. त्या दिवशी मात्र तिचा आवाज दारातून ऐकू येत होता.

‘पाहिलंस?’ ती मला म्हणाली.

‘पाहिलं.’

‘भीक घातली त्याला. सोएजिमाला. चक्क भीक.’

सोएजिमा हा मिसाकी शाळेच्या व्हॉलीबॉल संघातला बारा नंबरचा खेळाडू. मालिकेच्या नावातच सहा आहेत, त्यामुळे बाकीच्या सहांचे काय होणार हे नावातच ठरलेले आहे, असे कानाए पहिल्या भागापासून म्हणत आली होती. सोएजिमा सगळ्यांच्या आधी येऊन फरशी पुसतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, आणि सगळे गेल्यावर एकाच प्रकारची सर्व्हिस टाकत राहतो. चेंडूला फिरकी न देता, तळव्याने एक कोरडा फटका. तसा चेंडू हवेत डुलत जातो आणि समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही की तो कुठे पडणार. मूळ चित्रकथेत तिसऱ्या सेटमध्ये बावीस-बावीस असताना कोच बाकावर नजर फिरवतो आणि त्याचे नाव घेतो. बाकी एक शब्द बोलत नाही. सोएजिमा उतरतो आणि ओळीने तीन गुण काढतो. ते पुस्तक कानाएच्या घरी हातात घेतले की आपोआप त्याच पानावर उघडते.

शनिवारच्या भागात हे सगळे बदलले होते. तिथे सामना पंधरा-चोवीस होता, म्हणजे हातातून गेलेलाच. पियानो वाजायला लागला. वर गॅलरीत बसलेली सोएजिमाची आई आधीच रुमाल काढून तयार. कोचने सोएजिमाच्या खांद्यावर हात ठेवला, तो उतरला, त्याने सर्व्हिस टाकली आणि ती जाळ्यात गेली. मग सगळे रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कर्णधाराने त्याला मिठी मारून तारुण्याबद्दल काहीतरी वाक्य म्हटले.

आमच्याकडे याला आठवणीची बदली म्हणतात. सामना गेला की शेवटच्या वर्षाच्या, कधीच न खेळलेल्या मुलाला एकदा उतरवायचे, म्हणजे त्याच्याजवळ सांगायला काहीतरी राहते. प्रत्येक शाळेत हे होते. कुणाला त्यात वावगे वाटत नाही. कानाएला वाटत होते, आणि ते का वाटत होते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

‘लायकी होती म्हणून उतरला होता तो,’ ती म्हणाली. ‘ह्यांनी त्याला बिचारा करून टाकला.’

एवढ्यात ओतोहा आली. ओतोहा आमच्यात सर्वांत लहान, सत्तावीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते. तिच्या पिशवीवर पत्र्याचे इतके बिल्ले आहेत की ती चालली की भांडी वाजल्यासारखा आवाज येतो. तीही रागावलेली होती, पण तिचा राग वेगळा होता. बिल्ल्यांची नवी बंद पाकिटे बाजारात आली होती. आत कोण निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. सहा खेळाडू आणि एक गुपित, असे वर लिहिलेले. ओतोहाने आशेने पाकिटे फोडली आणि गुपित म्हणून कोचचा कुत्रा निघाला.

‘कुत्रा,’ ती बसता बसता म्हणाली. ‘दोन भागांत मिळून एकदा भुंकलाय तो. आणि सोएजिमाचा बिल्ला नाही.’

यावर बराच वेळ गेला. प्रत्येकीचे स्वतःचे दुखणे होते. ओतोहाचे लाडके पात्र म्हणजे प्रतिस्पर्धी संघाची व्यवस्थापक मुलगी. तिला या मोसमात एकच वाक्य मिळाले होते आणि तेही पाठमोरे. मला आवडतो तो रेषेवरचा पंच, ज्याला नावच नाही. तो हातात झेंडी घेऊन रेषेकडे बघतो, बाकी कशाकडे बघत नाही. शनिवारच्या भागात त्याच्या जागी नुसती रंगवलेली सावली होती, आणि हे मी सांगितल्यावर तिघी माझ्याकडे कणव आल्यासारख्या बघू लागल्या. शिहोको एकटी नायकाच्या बाजूची. ती शाळेत कानाएच्या संघाची कर्णधार होती, त्यामुळे तिला नायकच आवडणार असे आम्ही म्हणतो आणि ती ते मनावर घेत नाही. दरवर्षी सोएजिमाच्या वाढदिवसाला कानाए छोटा केक आणते. बेकरीवालीला वाटते की तिला सोएजिमा नावाचा मुलगा आहे. कानाएला दोन मुली आहेत, पण तिने तो गैरसमज कधी दूर केला नाही.

मग ओतोहाने अंडे सोलता सोलता ते वाक्य म्हटले.

‘पण खरं सांगू का, कानाए-सान? बावीस-बावीसला कुठला कोच राखीव पोराला उतरवतो? चित्रकथेत ठीक आहे. खऱ्यात असंच होतं. गेलेल्या सामन्यात उतरवतात बिचाऱ्याला.’

शिहोको काउंटरमागे कप पुसत होती, ती थांबली.

ओतोहाला गोष्ट माहीत नव्हती असे नाही. नववर्षाच्या जेवणात ती सगळ्यांनी ऐकली होती. चोवीस वर्षांपूर्वी, शाळेच्या शेवटच्या स्पर्धेत, तेरा-चोवीस असताना कानाए उतरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिच्या पाठीवरही बाराच नंबर होता. तिने ओळीने पाच गुण काढले. समोरच्या कोचला दोनदा खेळ थांबवावा लागला. सहावा चेंडू त्यांनी कसाबसा परत केला आणि सामना संपला. कानाए ही गोष्ट सांगताना नेहमी आपल्या शाळेतल्या कोचबद्दल एकच वाक्य शेवटी म्हणायची: निशिओका सेन्सेइंना माझ्या सर्व्हिसवर भरवसा होता. ओतोहाला गोष्ट आठवत होती, पण तिचा आणि आपण आत्ता बोललेल्या वाक्याचा संबंध तिने जोडला नव्हता.

‘म्हणजे मी पण बिचारीच,’ कानाए म्हणाली.

‘तसं नाही म्हणाले मी.’

‘तसंच म्हणालीस. सेन्सेइ इथंच बसलेत. विचार त्यांना.’

निशिओका सेन्सेइ काउंटरच्या टोकाला, दर रविवारी बसतात तिथेच, वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांनी शाळेत गणित शिकवले आणि मुलींचा संघ सांभाळला. निवृत्तीनंतर ते आमच्या गावच्या बायकांच्या संघाचे कोच झाले. हा नऊ जणींचा खेळ. लग्न झालेल्या, मुले असलेल्या, गुडघ्याला पट्टे बांधणाऱ्या बायका दर बुधवारी संध्याकाळी प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत जमतात. शिहोको, ओतोहा, कानाए तिघीही त्यात आहेत. मी खेळत नाही, गुणफलक सांभाळते. ॲनिमेबद्दल सेन्सेइंचे मत एवढेच की त्यात चेंडू फार वेळ हवेत राहतो.

‘सेन्सेइ, सांगा हिला,’ कानाए म्हणाली.

सेन्सेइंनी पान उलटले. ‘तुमचा वाद आहे. मला कशाला ओढता?’

ते असे नेहमीच बोलतात, म्हणून कुणी काही मनाला लावून घेतले नाही. ओतोहाने पडते घेतले. भाग वाईटच होता, एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असे ती म्हणाली, आणि गुणफलक पंधराच होता की सोळा यावरून शिहोकोशी पैज लावून तिने फोनवर तोच प्रसंग पुन्हा लावला. आम्ही तिघी तिच्या डोक्यावरून वाकून बघायला लागलो.

शनिवारी मी हे एकदा पाहिले होते, पण तेव्हा माझे लक्ष रेषेवरच्या सावलीकडे होते. आता मी कोचकडे पाहिले. त्याने सोएजिमाला बोलावण्याआधी डाव्या मनगटावरचे घड्याळ काढले आणि जाकिटाच्या उजव्या खिशात टाकले. मग खांद्यावर हात ठेवला.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा आकडा विचित्र आला की आम्ही त्यावर मत बनवत नाही, चाचणी पुन्हा करतो. ‘पुन्हा लाव,’ मी म्हणाले. ओतोहाने मागे नेऊन पुन्हा लावले. डावे मनगट, उजवा खिसा. मूळ चित्रकथेतल्या कोचला घड्याळच नाही, हे मला पक्के आठवत होते.

घड्याळ काढून खिशात टाकणारा कोच मात्र आम्ही चौघी दर बुधवारी बघतो. खेळाडू बदलायचा झाला की सेन्सेइ हेच करतात. का करतात कुणाला माहीत नाही. ते वेळ थांबवतात, अशी आमची जुनी थट्टा आहे.

 मला बोलायची गरज पडली नाही, कारण कानाएने माझ्याइतकेच पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी ॲनिमेवाले गावात येऊन बंदराचे आणि शाळेच्या व्यायामशाळेचे फोटो काढून गेले होते. त्यांना सगळे दाखवायला शाळेने सेन्सेइंना बोलावले होते. दर भागाच्या शेवटी जी नावे जातात त्यांत शिहोकोच्या दुकानाचे नाव आहे आणि त्याखाली सेन्सेइंचे. यात लपवण्यासारखे काही नव्हते. त्या दोन दिवसांत ते त्यांच्याशी काय बोलले असतील, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

‘सेन्सेइ,’ कानाए म्हणाली. आता तिचा आवाज दवाखान्यातला, हळू होता. ‘ते घड्याळ तुमचं आहे.’

सेन्सेइंनी चष्मा काढला. ‘हो.’

‘म्हणजे तो सामना माझा आहे.’

‘हो.’

‘काय सांगितलंत त्यांना?’

‘जे झालं ते.’

‘काय झालं होतं?’

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांची घडी घालायची पद्धत फार नीटनेटकी आहे आणि त्या दिवशी तिला फार वेळ लागला.

‘सामना गेला होता,’ ते म्हणाले. ‘तू तीन वर्षं एक दिवस चुकवला नव्हतास. तुझी आई वर बसली होती. म्हणून उतरवलं.’

‘सर्व्हिससाठी नाही.’

‘नाही. सर्व्हिस मी त्या दिवशीच पाहिली.’

ओतोहाच्या फोनमधला पियानो अजून वाजत होता. तिने तो बंद करायचा प्रयत्न केला आणि आवाज उलट वाढला. शिहोकोने काउंटरवरून हात घालून फोनच उपडा ठेवला.

‘तीन वर्षं मी तुमच्यासमोर टाकत होते,’ कानाए म्हणाली. ‘रोज. सगळ्या गेल्यावर. तुम्ही दिवे बंद करायला थांबायचात. मला वाटायचं, तुम्ही बघताय.’

 मला वाटते, सेन्सेइ दिव्यांसाठीच थांबत असावेत, आणि हे ते तिच्यासमोर म्हणू शकत नव्हते. खोटे बोलणे त्यांना जमले असते तर त्या सकाळी पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

मग ते म्हणाले की पुढचेही त्यांनी सांगितले होते. पाच सर्व्हिस, समोरचा कोच दोनदा खेळ थांबवतो, मागच्या ओळीतली त्यांची उंच मुलगी रडकुंडीला येते. हातवारे करून सांगितले. त्या लोकांनी लिहून घेतले होते.

‘मग?’

‘त्यांना पहिला अर्धाच लागला असेल.’

‘पहिला अर्धा तुमचा होता,’ कानाए म्हणाली. ‘दुसरा माझा.’

कोट तिने काढलेलाच नव्हता, त्यामुळे ती नुसती उठली आणि गेली. अंडे तसेच राहिले. सेन्सेइंनी रिकामा कप थोडा पुढे सरकवला, म्हणजे दुसरी कॉफी. शिहोकोने तो कप उचलला, धुतला आणि फळीवर ठेवून दिला.

‘सेन्सेइ, आज तुमच्यासाठी दुकान बंद,’ ती म्हणाली.

ते गेल्यावर ती मला म्हणाली की त्या सामन्यात ती मैदानावर उभी राहून रडत होती. कानाए सर्व्हिस टाकत होती आणि कर्णधार रडत होती. कानाएने पुढे एकदा विचारले होते, की तू का रडत होतीस. शिहोकोने सांगितले होते, आपण जिंकायला लागलो म्हणून. खरे म्हणजे ती आपण हरतोय म्हणूनच रडत होती आणि पाचांपैकी तीन सर्व्हिस तिने धड पाहिल्याही नव्हत्या. हे सांगताना ती स्वतःवरच इतकी चिडली की ओतोहाला माझ्याकडे बघून खांदे उडवावे लागले.

सोमवारी आणि मंगळवारी ओतोहाने आमच्या फोनवरच्या गटात ॲनिमेवाल्यांविरुद्ध लिहायला सुरुवात केली. मजकूर इतका तिखट होता की तो कुठेही पाठवण्यासारखा नव्हता. माणसाला अर्धे सांगून अर्धे कापतात, बिल्ल्यात कुत्रा घालतात, आणि वर पियानो वाजवतात. आधी स्वतःच बिचारा म्हणाली होतीस, याची शिहोकोने तिला आठवण करून दिली. ओतोहाचे उत्तर आले की तेव्हा मला अर्धेच माहीत होते, आणि तोच तर मुद्दा आहे. कानाएने काहीच लिहिले नाही.

बुधवारी ती सरावाला येणार नाही असे आम्हाला वाटले होते. ती सगळ्यांच्या आधी आली होती आणि जाळे बांधून झाले होते. सेन्सेइ आले तेव्हा त्यांनी सगळ्या बायकांना ओळीत उभे केले. त्यांनी सांगितले की त्यांनी मालिका काढणाऱ्यांना फोन केला होता. शेवटच्या नावांमधून आपले नाव काढायला सांगितले आहे. पुढच्या महिन्यापासूनच्या भागांत ते दिसणार नाही. मग ते कानाएकडे वळले आणि कमरेतून पूर्ण वाकले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस इतका वाकला की पोस्टात काम करणाऱ्या बाई ‘अहो, पाठ, पाठ’ म्हणत पुढे आल्या.

हे तिथेच मिटले असते. अशा वेळी समोरच्यानेही वाकायचे असते. कानाए वाकली नाही.

‘तुमचं नाव काढून माझं काय झालं?’ ती म्हणाली. ‘सोएजिमाची सर्व्हिस जाळ्यातच आहे.’

पोस्टातल्या बाई पुन्हा ओळीत जाऊन उभ्या राहिल्या.

‘आणि आता तरी काय वेगळं आहे? ह्या संघात मी सात वर्षं आहे. मला कधी उतरवता? सेटच्या शेवटी. जिंकलेला असला तर जिंकल्यावर आणि हरलेला असला तर हरल्यावर. घड्याळ काढता, खिशात टाकता, मी उतरते, दोन चेंडू खेळते, सगळ्या टाळ्या वाजवतात. मला वाटायचं शेवटासाठी राखून ठेवताय.’

सेन्सेइ सरळ झाले. ‘काय हवंय?’

‘पहिली सर्व्हिस. मिहामा गावाबरोबरच्या सामन्याला.’

आमच्या नऊ जणींच्या खेळात जागा फिरत नाहीत. जी पुढे ती पुढेच, जी मागे ती मागेच. सर्व्हिसचा क्रम मात्र कोच सामन्याआधी ठरवून देतो, आणि गेली कित्येक वर्षे पहिले नाव शिहोकोचे असते. सगळ्यांनी शिहोकोकडे पाहिले. शिहोकोने स्वतःच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिले.

‘देतो,’ सेन्सेइ म्हणाले.

‘देऊ नका,’ कानाए म्हणाली. ‘माफीतली जागा मला नको. ती एकदा झाली. आधी बघा. दिव्यांसाठी थांबल्यासारखं नाही, नीट बघा. मग काय ते ठरवा. नसेल पटत तर मी बाकावर बसेन आणि तक्रार करणार नाही.’

हे शेवटचे वाक्य खरे नव्हते, तिने जन्मभर तक्रार केली असती. पण म्हणताना तिला ते खरे वाटत असावे.

तिने चेंडू घेतला आणि शेवटच्या रेषेमागे गेली. समोर ओतोहा, शिहोको आणि पोस्टातल्या बाई उभ्या राहिल्या. सेन्सेइ बाजूला, जाळ्याच्या खांबापाशी. मी गुणफलकापाशीच होते, पण गुण कुणाचे मोजायचे हे ठरले नव्हते, म्हणून नुसती बघत राहिले. तिचा फटका लहान होता, तळवा चेंडूला लागून तिथेच थांबायचा. चेंडू जाळ्यावरून सावकाश आल्यासारखा वाटायचा आणि शेवटच्या हातभर अंतरात कुठेतरी सरकायचा. ओतोहाचे हात दोनदा रिकाम्या जागी जोडले गेले. तिसऱ्यांदा चेंडू तिच्या खांद्यावर आदळला आणि ती म्हणाली, ‘हे काय, हिला कुणी सांगितलंय का मला मारायला?’ शिहोकोने दोन परत केले, दोन सोडले. काही जाळ्यात गेले, एक भिंतीवर गेला. सेन्सेइ मध्येच खांबापासून सरकून कानाएच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिथून बघायला लागले. मग तिच्या बाजूने, खाली वाकून, तिच्या पावलांकडे. 

शेवटी म्हणाले, ‘डावा पाय उशिरा टाकतेस.’

‘चोवीस वर्षं उशिराच टाकतेय,’ कानाए म्हणाली.

‘म्हणून भिंतीवर गेला.’

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना नेहमीच्या सरावाला लावले आणि त्या विषयावर पुन्हा कुणी बोलले नाही. ओतोहा घरी जाताना मला म्हणाली की सेन्सेइ देणार नाहीत. पाय उशिरा म्हणाले ना, मग संपलं. मला तसे वाटले नाही. ज्याला जागा द्यायची नसते त्याची चूक कुणी इतक्या खाली वाकून शोधत नाही. पण हा फक्त माझा अंदाज होता, म्हणून मी तो तिला सांगितला नाही.

मिहामाचा सामना त्यांच्याच व्यायामशाळेत होता. सेन्सेइंनी सर्व्हिसचा क्रम वाचून दाखवला. पहिली कानाए, दुसरी शिहोको, तिसऱ्या पोस्टातल्या बाई, असे नऊ. ओतोहाचे नाव त्यात नव्हते.

ओतोहाला वाटले, वाचायचे राहिले. ‘सेन्सेइ, मी?’

‘बाकावर. मागचे दोन सामने तू पाय हलवले नाहीस. दोन्ही वेळा सांगितलं होतं.’

‘मी सगळ्यांत लहान आहे.’

‘म्हणूनच दिसतं.’

ती बाकावर माझ्या शेजारी येऊन इतक्या जोराने बसली की पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या. राखीव माणसाला या खेळात काही किंमतच नाही, असे तिचे म्हणणे पडले. एवढे खेळून शेवटी माणसाने पाणी भरायचे. मी तिला म्हणाले की हे वाक्य सोएजिमाच्या तोंडी शोभले असते. ती माझ्याशी पहिला सेट संपेपर्यंत बोलली नाही, पण बाटल्या मात्र तिने उचलून सरळ लावल्या.

शिट्टी झाली. कानाए रेषेमागे गेली. मी सेन्सेइंकडे पाहिले. घड्याळ मनगटावरच होते.

तिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि टाकला. जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागून तो आमच्याच बाजूला पडला. आमच्या खेळात सर्व्हिसला दोन संधी असतात. तिने दुसरा चेंडू घेतला, या वेळी आपटलाही नाही, आणि तोही जाळ्यात घातला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोस्टातल्या बाईंनी मोठ्याने सुस्कारा सोडला. शिहोको मागे वळली, दोन्ही हात कमरेवर, दुकानात गिऱ्हाईक पैसे न देता निघाल्यावर वळते तशी.

‘अगं, दोन्ही?’ ती म्हणाली. ‘एवढं भांडून दोन्ही जाळ्यात?’

‘पाय!’ सेन्सेइ ओरडले. चाळीस वर्षे त्यांनी मुलींवर ओरडण्यात घालवली आहेत, पण कानाएवर ओरडताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. ‘बुधवारी काय सांगितलं होतं? डोकं घरी ठेवून आलीस का?’

कानाएचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पलीकडच्या मिहामाच्या बायका अदबीने दुसरीकडे बघायला लागल्या.

‘ओरडू नका,’ ती म्हणाली. ‘माझा नंबर परत येणार आहे.’

मी मिहामाच्या बाजूचे पान उलटून एक केले. कानाए तणतणत आपल्या जागी जाऊन उभी राहिली, गुडघे वाकवले, आणि शिहोकोला म्हणाली की पुढे बघ, माझ्याकडे काय बघतेस.